लंडन शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत लंडनला एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी गेलेल्या मुंबईच्या एका विद्यार्थिनीचे अनुभव वाचले. वर्षभर वसतिगृह, ग्रंथालय आणि अर्धवेळ नोकरी एवढेच तिच्या वाट्याला आले. शहर पाहिले ते परतीच्या आधीच्या आठवड्यात, टॉवर, लंडन आय आणि मेणाचे पुतळे यांचे एकत्रित तिकीट काढून. तिने मनापासून लिहिले आहे आणि तिच्यासारखी मुले पुष्कळ आहेत, म्हणून हे सविस्तर पत्र. मुंबईतले सल्लागार प्रेशर कुकर, रजई, मसाले यांची यादी देतात. शहर कसे पाहायचे हे कोणी सांगत नाही. मग विद्यार्थी चार दिवसांच्या पर्यटकासारखा वागतो आणि पर्यटकाइतकाच खर्च करतो. पर्यटकाजवळ नसलेल्या तीन गोष्टी त्याच्याजवळ असतात: पूर्ण वर्ष, लंडनचा पत्ता आणि विद्यापीठाचे ओळखपत्र. या तिन्हींवर तिथे बरीच दारे फुकट किंवा अर्ध्या पैशांत उघडतात.

पहिला हिशेब उजेडाचा. मुंबईत डिसेंबरात सहा वाजता अंधारते, जूनमध्ये सव्वासातला. फरक तासा-सव्वातासाचा. लंडनमध्ये २१ डिसेंबरला सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि दुपारी चारच्या आत मावळतो. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री सव्वानऊनंतरही आकाशात उजेड असतो. मुले पोहोचतात सप्टेंबरात. आधी अभ्यास लावून घेऊ, फिरणे नाताळच्या सुट्टीत, असे ठरवतात आणि तिथेच फसतात. नाताळच्या सुट्टीत बागा लवकर बंद होतात, टेकडीवरून पाहावे तर धुके, आणि दोन वाजता निघालेल्याला चार वाजता काळोख गाठतो. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरचे शनिवार-रविवार उघड्यावरच्या जागांना द्यावेत: ग्रिनिच, हॅम्पस्टेड हीथ, कालव्याकाठच्या वाटा, रिचमंड पार्क. नोव्हेंबर ते फेब्रुवारी संग्रहालये, ग्रंथालये, नाटके. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे जातात आणि घरच्या वेळेशी फरक साडेपाच तासांवरून साडेचारवर येतो, तेव्हा पुन्हा बाहेर पडावे. सप्टेंबरातच ओपन हाउस हा उत्सवही असतो. एरवी बंद असणाऱ्या शेकडो इमारती त्या दिवसांत विनामूल्य पाहता येतात. काहींना आधी नाव नोंदवावे लागते आणि मोठ्या इमारतींच्या जागा लगेच संपतात, म्हणून त्याची चौकशी मुंबईत असतानाच केलेली बरी.

पैसे सर्वांत जास्त निसटतात ते प्रवासात, त्यामुळे यावर थोडे अधिक लिहितो. अठरा वर्षांवरील विद्यार्थ्यांना छायाचित्र असलेले स्टुडंट ऑयस्टर, म्हणजे यंत्रावर टेकवायचे प्रवासाचे कार्ड, मिळते. अभ्यासक्रम किमान १४ आठवड्यांचा हवा, सत्रकाळातला पत्ता लंडनच्या बरोमधला, म्हणजे शहराच्या प्रशासकीय विभागातला, हवा आणि विद्यापीठाने त्या योजनेत नाव नोंदवलेले हवे. विद्यापीठ तुमची नोंदणी पक्की करेपर्यंत अर्ज पुढे सरकत नाही, म्हणून मुंबईतून कार्ड घेऊन निघता येत नाही. या कार्डावर ३० टक्के सवलत आहे, पण ती फक्त सात दिवसांच्या, महिन्याच्या किंवा त्याहून मोठ्या मुदतीच्या पासवर. पास न काढता दर फेरीचे पैसे भरून केलेल्या प्रवासावर काहीच सवलत नाही. हे लक्षात न आल्याने अनेक जण कार्ड घेतात आणि वर्षभर पूर्ण भाडे भरतात. आठवड्यातले पाच दिवस ट्यूबने, म्हणजे भुयारी रेल्वेने, कॉलेजला जाणाऱ्याने पास काढावा. चालत जाणाऱ्याने किंवा तीनच दिवस तास असणाऱ्याने काढू नये.

अशांना दुसरी सोय आहे: १६ ते २५ वयाचे रेलकार्ड. २०२५ मध्ये त्याची किंमत वर्षाला ३५ पौंड झाली. वय २६ च्या पुढे गेले तरी पूर्णवेळ विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या शिक्क्यावर ते मिळते. देशभरच्या रेल्वेत त्यावर भाड्याचा एक तृतीयांश भाग वाचतो, तेवढे बहुतेकांना माहीत असते. पण हेच रेलकार्ड ट्यूबच्या स्टेशनवर कर्मचाऱ्याला दाखवून ऑयस्टरला जोडून घेतले, की गर्दीची वेळ सोडून केलेल्या ट्यूबच्या फेऱ्यांवर आणि त्यांच्या दिवसाच्या कमाल आकारणीवरही (दिवसभरात कितीही फिरलात तरी याहून जास्त पैसे कापत नाहीत, ती मर्यादा) एक तृतीयांश सूट लागते. जोडून घेतले नाही तर लागत नाही, आपोआप होत नाही. रेलकार्डचे नूतनीकरण केले की पुन्हा स्टेशनवर जाऊन जोडावे लागते. बसच्या भाड्यावर ही सूट नाही. गर्दीची वेळ म्हणजे सोमवार ते शुक्रवार सकाळी ६.३० ते ९.३० आणि दुपारी ४ ते ७. अनेक विद्यापीठे बुधवारी दुपारनंतर खेळांसाठी तास ठेवत नाहीत. ती अर्धी सुट्टी ज्याला मिळते त्याने बाराला निघून चारच्या आत ट्यूब पकडावी किंवा सातनंतर परतावे.

बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे चालत नाहीत. २०२५ मध्ये एका फेरीचे १.७५ पौंड पडत होते आणि पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात दुसऱ्या, तिसऱ्या कितीही बसमध्ये चढले तरी पुन्हा पैसे कापत नाहीत. पुढच्या बसमध्येही तेच कार्ड टेकवायचे, एवढीच अट. बसमध्ये चढताना एकदाच टेकवायचे, उतरताना नाही. ट्यूबमध्ये आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा. डॉकलँड्सच्या हलक्या रेल्वेला बऱ्याच स्टेशनांवर दरवाजेच नाहीत, त्यामुळे माणूस सरळ चालत बाहेर येतो, टेकवायचे राहते आणि खात्यातून कमाल भाडे जाते. फोनमधले कार्ड आणि पाकिटातले प्लॅस्टिकचे कार्ड एकाच बँकेचे असले तरी यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी कार्डे आहेत. सकाळी फोन आणि संध्याकाळी कार्ड वापरले की दिवसाच्या कमाल आकारणीचा फायदा दोन्हीकडे अर्धवट राहतो. आत फोन आणि बाहेर कार्ड टेकवले तर दोन अपूर्ण फेऱ्यांचे पैसे लागतात. आठवड्याची कमाल आकारणी सोमवार ते रविवार मोजली जाते, गुरुवार ते बुधवार नाही. पाहुणे म्हणून आई-बाबा येणार असतील तर त्यांचा फिरण्याचा आठवडा सोमवारी सुरू करावा. आणि कॅनडा वॉटर, गॉस्पेल ओक, स्ट्रॅटफर्ड यांसारख्या स्टेशनांवर गाडी बदलताना गुलाबी रंगाचे यंत्र दिसते, त्यावर कार्ड टेकवावे. मध्यवर्ती पहिल्या झोनमधून आपण गेलो नाही हे त्यावरून कळते आणि भाडे कमी लागते.

ट्यूबचा नकाशा सुंदर आहे, पण तो अंतरांना धरून काढलेला नाही. कॉव्हेंट गार्डन आणि लेस्टर स्क्वेअर या स्टेशनांतले अंतर तीनशे मीटरही भरत नाही. दादर स्टेशनच्या एका पुलावरून दुसऱ्या पुलाकडे जावे, तेवढेच. नवखी मुले त्यासाठी जमिनीखाली उतरतात, भाडे भरतात आणि लिफ्टच्या रांगेत उभी राहतात. रस्त्यावर पिवळ्या डोक्याचे उभे नकाशाफलक आहेत, त्यांवर पाच आणि पंधरा मिनिटांत चालत कुठवर पोहोचता येईल याची वर्तुळे काढलेली असतात. मध्य लंडनमध्ये दिशा त्यांवरूनच ठरवावी. रविवारचा मेगाब्लॉक आपल्या अंगवळणी पडलेला आहे. तिथेही शनिवार-रविवारी कुठली ना कुठली लाइन कामासाठी बंद असते. शुक्रवारी रात्री वेळापत्रक पाहायचे, मग बेत ठरवायचा.

आता संग्रहालये. २००१ च्या डिसेंबरपासून राष्ट्रीय संग्रहालयांच्या कायम दालनांना प्रवेशशुल्क नाही. पैसे लागतात ते तात्पुरत्या खास प्रदर्शनांना. फुकट आहे म्हणून एका दिवसात अख्खे ब्रिटिश म्युझियम उरकण्याचा मोह होतो. तो आवरावा. पर्यटकाला पुन्हा येता येत नाही, म्हणून तो पळतो. विद्यार्थ्याला येता येते. एका वेळी एक दालन, दीड तास, आणि बाहेर. ब्रिटिश म्युझियम शुक्रवारी रात्री साडेआठपर्यंत, नॅशनल गॅलरी नऊपर्यंत आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट दहापर्यंत उघडे असते. शुक्रवारी सहानंतर शाळांच्या सहली नसतात, गर्दी उतरलेली असते. ब्रिटिश म्युझियमचे मोठे दार ग्रेट रसेल स्ट्रीटवर आहे आणि पिशव्यांच्या तपासणीची मोठी रांग तिथे असते. मागे माँटेग्यू प्लेसलाही दार आहे, आणि दक्षिण आशियाचे ३३ क्रमांकाचे दालन त्याच बाजूला पडते. अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे त्याच्या शेजारी काचेआड आहेत. हलक्याशा हिरवट चुनखडीत कोरलेले ते पट जवळून पाहिले की रेघेतली नजाकत कळते. वेळेचे विनामूल्य तिकीट आधी घेतलेले असले तर आत जाणे सोपे होते. चाकांची मोठी बॅग घेऊन जाऊ नये, आत घेत नाहीत.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्टबाबत एक खुलासा, कारण मराठी मुले तिथे हमखास वाघनखांची चौकशी करतात. कंपनीचा साताऱ्यातला अधिकारी ग्रँट डफ याच्या घराण्याकडून त्या संग्रहालयाकडे गेलेली वाघनखे २०२४ च्या जुलैमध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली आणि साताऱ्याच्या संग्रहालयात प्रथम मांडली गेली. तेव्हा ती पाहायची तर महाराष्ट्रातच. अफजलखान प्रसंगातली ती हीच, असा पुरावा आपल्याकडे नसल्याचे खुद्द संग्रहालयाने स्पष्ट केले आहे. हेही विद्यार्थ्याने जाणून असावे, म्हणजे तिथल्या माणसाशी बोलताना आपली बाजू सच्ची राहते. त्या संग्रहालयाची त्याहून मोठी सोय पूर्व लंडनमध्ये आहे, तिचा फायदा फार थोडी मुले घेतात. स्ट्रॅटफर्डजवळ ऑलिंपिक पार्कात ३१ मे २०२५ ला त्यांचे भांडार लोकांसाठी खुले झाले. तिथे प्रदर्शनात नसलेल्या वस्तूही मागवता येतात. संकेतस्थळावरच्या सूचीतून पाचपर्यंत वस्तू निवडायच्या, किमान दोन आठवडे आधी वेळ घ्यायची, आणि ठरल्या दिवशी त्या मेजावर तुमच्यासमोर येतात. कापड, वास्तुकला, दागिने, छपाई यांपैकी काहीही शिकणाऱ्या मुलाने ही संधी सोडू नये. सूचीत शोधताना ‘महाराष्ट्र’ एवढ्यावर थांबू नये. जुन्या नोंदी बॉम्बे, डेक्कन, पूना अशा नावांनी आहेत. भारताची मुख्य दालने अधूनमधून नूतनीकरणासाठी बंद असतात, म्हणून निघण्याआधी दालनाच्या क्रमांकानिशी खात्री करून घ्यावी.

ब्रिटिश लायब्ररी यूस्टन रोडवर आहे. वाचककार्ड विनामूल्य मिळते. नाव-सही पटवणारा एक कागद आणि पत्ता पटवणारा दुसरा, दोन्ही मूळ प्रती लागतात. गाडी अडते ती पत्त्याच्या कागदावर, कारण नव्या विद्यार्थ्याच्या नावाने विजेचे बिल नसते. बँकेचे पत्र किंवा विद्यापीठाने दिलेले पत्त्याचे पत्र आधी मिळवावे, मग जावे. ईस्ट इंडिया कंपनी आणि इंडिया ऑफिसचे दप्तर तिथे आहे, मराठी हस्तलिखितेही आहेत. वाचनकक्षात पेन चालत नाही, पेन्सिल न्यायची. कागदपत्रे मागवल्यावर लगेच हाती येतील असे धरून चालू नये, मागणी आदल्या दिवशी नोंदवलेली बरी.

त्याच रस्त्यावर शेजारी सेंट पँक्रस स्टेशन. सीएसएमटीवरून रोज ये-जा केलेल्याला ती लाल विटांची, टोकदार कमानींची इमारत ओळखीची वाटते. तिथले हॉटेल जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने बांधले, आणि मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर व ग्रंथालयाचे आराखडेही त्याचेच. सीएसएमटी फ्रेडरिक स्टीव्हन्सची, पण शैलीचे घराणे तेच. आत शिरून जिना पाहावा, छताखाली उभे राहून एक गाडी सुटताना पाहावी. फलाटाच्या अलीकडे थांबल्याचे पैसे कोणी मागत नाही.

आपल्या माणसांची घरे हा या पत्राचा खरा जीव आहे. लंडनमध्ये घराच्या भिंतीवर लावलेले निळे गोल फलक १८६० च्या दशकापासूनचे आहेत. कोणाच्या नावाने फलक लावायचा तर त्या व्यक्तीच्या मृत्यूला किमान वीस वर्षे झालेली हवीत. यातली तीन मराठी घरे एका दिवसात, बरीचशी चालत, होतात.

सुरुवात वॉरिक ॲव्हेन्यू स्टेशनपासून करावी. तिथून काही मिनिटांवर १० हाउली प्लेस. लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये, पत्रकार चिरोलवर त्यांनी घातलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्याच्या वेळी, इथे राहिले. फलक १९६१ चा. घर खासगी आहे, पाहायचे ते पदपथावरूनच. तिथून खाली लिटल व्हेनिस नावाचा कालव्याचा संगम लागतो, नांगरलेल्या निमुळत्या होड्या दिसतात. रीजंट्स कॅनॉलच्या काठाने पूर्वेकडे निघावे. इथे चुकते ते बोगद्याजवळ. मेडा हिल बोगद्यातून होड्या जातात, पण काठची वाट जात नाही. वर रस्त्यावर यावे, एजवेअर रोड ओलांडून ॲबरडीन प्लेसने पुढे जावे आणि पुढच्या जिन्याने पुन्हा काठावर उतरावे. हे माहीत नसलेली मंडळी वाट संपली समजून परततात. पुढे रीजंट्स पार्कची झाडी, मग प्राणिसंग्रहालय, तिथले पक्षी वाटेवरूनच दिसतात. त्यानंतर वर चढून प्रिमरोझ हिल. टेकडी जेमतेम ६० मीटरवर, पण सगळे शहर समोर उलगडते. टेकडीच्या उत्तरेच्या अंगाला उतरले की किंग हेन्रीज रोड. क्रमांक १०.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना इथे राहिले. महाराष्ट्र शासनाने हे घर २०१५ मध्ये विकत घेतले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात भारताच्या पंतप्रधानांच्या हस्ते स्मारकाचे उद्घाटन झाले. संग्रहालय म्हणून वापरायच्या परवानगीचा स्थानिक वाद २०२० मध्ये मिटला. गल्ली राहत्या घरांची आणि शांत आहे, आणि शेजाऱ्यांच्या तक्रारीत येणाऱ्या गटांच्या गोंगाटाचाही मुद्दा होता. म्हणून दोघा-चौघांनी जावे, पदपथ अडवून फोटो काढू नयेत, आणि उघडे असल्याची खात्री करूनच निघावे. घर पाहून झाले की दुसऱ्या दिवशी हाउटन स्ट्रीटवरचे त्यांचे कॉलेज पाहावे. तिथे त्यांचा अर्धपुतळा आहे. १९१६ ला प्रवेश, शिष्यवृत्ती संपल्याने १९१७ ला परत, पुन्हा १९२० ला हजर, १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी. सत्र अर्धवट टाकावे लागलेल्या, पैशांची ओढाताण असलेल्या आजच्या मुलाने ही पाच सालं त्या दारात उभे राहून मनाशी उजळावीत. कॉलेजपासून चालत पंधरा मिनिटांत ग्रेज इन ही बॅरिस्टरांची संस्था लागते, बाबासाहेब बॅरिस्टरकीसाठी तिथे होते. ग्रेज इनच्या बागा कामाच्या दिवशी दुपारच्या वेळेत लोकांना खुल्या असतात.

किंग हेन्रीज रोडवरून चॉक फार्म स्टेशन जवळ आहे. तिसरे घर हायगेटला, तेही नॉर्दर्न लाइनवर, पण गोम अशी की कॅम्डन टाउनला ही लाइन दोन फाट्यांत विभागते. चॉक फार्म एका फाट्यावर, आर्चवे आणि हायगेट दुसऱ्या. म्हणून कॅम्डन टाउनपर्यंत मागे यायचे आणि हाय बार्नेटची गाडी धरायची. गाडीवर पुढची पाटी वाचल्याशिवाय चढू नये, हे कुर्ल्याला हार्बर आणि मेनच्या घोळात एकदा तरी अडकलेल्याला वेगळे सांगायला नको. आर्चवेला उतरून चढणीचा रस्ता धरला की ६५ क्रॉमवेल ॲव्हेन्यू. श्यामजी कृष्णवर्मांनी १ जुलै १९०५ ला इथे विद्यार्थ्यांसाठी इंडिया हाउस उघडले. लंडनमध्ये भारतीय विद्यार्थ्यांना राहायला खोली मिळणे तेव्हा कठीण होते, त्यातून हे वसतिगृह झाले. १९०६ ला आलेले विनायक दामोदर सावरकर इथे राहत. फलक १९८५ चा. घरात आज इतर लोक राहतात, बेल वाजवू नये. इथून वॉटरलो पार्क जवळ आहे. दिवस मोठा असेल तर डबा तिथे उघडावा.

चौथे घर दूर आहे आणि म्हणूनच मागे पडते. दादाभाई नौरोजी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक होते आणि १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून ब्रिटिश संसदेवर निवडून आले. दक्षिण लंडनमधल्या ७२ ॲनर्ली पार्क या त्यांच्या घरावर २०२२ मध्ये फलक लागला. ओव्हरग्राउंडच्या विंडरश लाइनने ॲनर्ली स्टेशनला उतरावे. त्याच फेरीत क्रिस्टल पॅलेस पार्कातले १८५४ चे सिमेंटचे डायनोसोर पाहून यावेत. हाडांवरून प्राणी कसा असेल याचा त्या काळचा अंदाज किती चुकला होता, ते तिथे उभे आहे.

१९३२ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ लंडनच्या डॉलिस हिल भागात आहे. गणपतीत आणि दिवाळीत तिथे जावे. ती नुसती घरची आठवण नव्हे. वीस-तीस वर्षे तिथे राहिलेली माणसे भेटतात, आणि कुठला रस्ता रात्री टाळावा, कुठे स्वस्त आणि चांगले मिळते, हे त्यांच्याकडून समजते.

ग्रिनिचबद्दल थोडे थांबून लिहायला हवे, कारण तिथे मुले हमखास गोंधळतात. वेधशाळेच्या अंगणातली शून्य रेखांशाची पितळी पट्टी पाहायला तिकीट आहे. पण तीच रेषा बाहेरच्या भिंतीवरून खाली पायवाटेपर्यंत आखलेली आहे, ती पाहायला नाही. एक पाय पूर्वेला, एक पश्चिमेला ठेवून फोन काढला की फोन शून्य दाखवतच नाही. फोन बिघडलेला नसतो. फोनमधली उपग्रहांची शून्य रेषा तिथून सुमारे १०२ मीटर पूर्वेला, बागेतल्या गवतातून जाते. एअरी या खगोलशास्त्रज्ञाने १८५१ मध्ये दुर्बिणीने रेषा ठरवली तेव्हा ‘सरळ खाली’ ही दिशा तिथल्या गुरुत्वाकर्षणावरून घेतली होती. त्या जागी ओळंबा किंचित तिरपा लागतो. उपग्रह पृथ्वीच्या केंद्रापासून मोजतात, म्हणून दोन रेषा पडल्या. फोन हातात धरून पूर्वेला चालत राहावे, शून्य येते. वेधशाळेच्या शिखरावर लाल चेंडू आहे. १२.५५ ला तो खांबाच्या अर्ध्यावर चढतो, १२.५८ ला टोकाला आणि बरोबर एक वाजता खाली पडतो. नदीतल्या जहाजांना घड्याळे लावता यावीत म्हणून १८३३ पासूनची ही सोय. बाराला रमतगमत निघाले तर तो चुकतो, पावणेएकला गवतावर बसलेले असावे. मुंबईची स्वतःची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती आणि भारतीय प्रमाणवेळ आल्यावरही इथे बरीच वर्षे ती सोडली नव्हती. या टेकडीवर ती गोष्ट आठवतेच.

जिथे तिकीट भारी आहे तिथेही दुसरी वाट असते. वेस्टमिन्स्टर ॲबी आणि सेंट पॉल्समध्ये संध्याकाळची प्रार्थना सर्वांना खुली आणि विनामूल्य. वीस मिनिटे आधी जावे. फोटो काढता येत नाहीत आणि हिंडता येत नाही, पण त्या छताखाली गाणारा वृंद ऐकायला मिळतो. पार्लमेंटच्या प्रेक्षक सज्जात बसायला पैसे नाहीत. विद्यार्थी ज्या मतदारसंघात राहतो, तिथल्या खासदाराला पत्र लिहून तो इमारतीचा मार्गदर्शित फेरा विनामूल्य मिळवू शकतो. पंतप्रधानांच्या प्रश्नोत्तरांचे, बुधवारी दुपारी बाराचे तिकीटही त्याच मार्गाने मागता येते. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक म्हणून भारतीय विद्यार्थी तिथे मतदार यादीत नाव घालू शकतो, हे तर बऱ्याच जणांना ऐकूनही माहीत नसते. उंचावरून शहर पाहायला लंडन आय किंवा शार्डच लागतो असे नाही. फेनचर्च स्ट्रीटच्या स्काय गार्डनला आधी वेळ घेतली की पैसे लागत नाहीत. ग्लोब नाट्यगृहात समोर उभे राहून पाहायचे तिकीट ५ पौंडांपासून असते. वर छप्पर नाही आणि छत्री उघडू देत नाहीत, पावसाळी जॅकेट न्यावे. तीन तास उभे राहायचे असते, साधे मऊ बूट घालावेत. टॉवर ऑफ लंडनला मात्र पैसे मोजावेच लागतात. कोहिनूर पाहायचा असेल तर उघडताक्षणी थेट दागिन्यांच्या दालनात जावे, बाकीचा किल्ला मागून. अकरानंतर ती रांग अंगणभर फिरते.

तीन ठिकाणी मात्र सावध राहावे. २५ डिसेंबरला लंडनमध्ये ट्यूब नाही, बस नाही, रेल्वे नाही. २४ च्या संध्याकाळीच गाड्या कमी होतात. मोठी संग्रहालये २४ ते २६ बंद असतात. त्या दिवशी मित्राकडे जायचे असेल तर आदल्या दुपारीच पोहोचावे आणि दूध-भाजी भरून ठेवावी.

दुसरे, ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर पॅरिस होत नाही. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक, वेगळा व्हिसा लागतो, आणि युरोपातून परतल्यानंतर ब्रिटनमधला मुक्काम किमान तीन महिने शिल्लक असावा लागतो. शेवटच्या महिन्यांसाठी युरोप ठेवणारे इथेच अडकतात. मार्च-एप्रिलच्या सुट्टीसाठी जानेवारीतच भेटीची वेळ घ्यावी. बेलफास्टला जाता येते, पण तिथून बसने डब्लिनला निघालात तर सीमेवर कोणी अडवणार नाही, आणि आयर्लंडचा व्हिसा नसेल तर तो प्रवास बेकायदा ठरतो. पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जावर त्याची छाया पडते.

तिसरे, फोन. पदपथाच्या कडेला उभे राहून नकाशा पाहणाऱ्याच्या हातातून सायकलवाला किंवा इलेक्ट्रिक बाइकवाला फोन हिसकावून नेतो, ऑक्सफर्ड स्ट्रीटपासून बँक नावाच्या स्टेशनच्या चौकापर्यंत कुठेही. नकाशा पाहायचा तर भिंतीला पाठ लावून, रस्त्याकडे तोंड करून, दोन्ही हातांनी धरून पाहावा. विद्यापीठाचे ओळखपत्र, व्हिसाची नोंद आणि प्रवासाचे कार्ड सगळे एकाच फोनमध्ये असते, तेव्हा एक बँक कार्ड आणि घरचा पत्ता लिहिलेला कागद वेगळ्या खिशात असू द्यावा.

आपल्या पुरवणीला एक विनंती: अशी माहिती ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, मुले विमानात बसण्याआधी, छापावी. भाडी आणि वेळा दरवर्षी बदलतात, त्या त्या-त्या वर्षी तपासून द्याव्यात. हाउली प्लेस ते किंग हेन्रीज रोड ही कालव्याची वाट मराठीत नकाशासह दिलीत, बोगद्याजवळचा वरचा रस्ता ठळक दाखवून, तर ते कात्रण मुले पासपोर्टच्या पाकिटात घालून नेतील.

आपला विश्वासू,
एक वाचक
शिवाजी पार्क, दादर, मुंबई